पुराच्या नदीचा विसर्ग मोजताना: एडीसीपी, जीपीएस आणि या दोघांच्या मधलं होकायंत्र

पावसाळ्यात सांगलीकरांना आयर्विन पुलाची आणि कोल्हापूरकरांना राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ असते. आयर्विनला ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका, राजारामला ३९ आणि ४३. पट्टीवरची ही पातळी काठावर उभा राहून कोणीही वाचू शकतो. पण बातमीत त्यापुढे 'नदीतून इतके हजार क्युसेक पाणी वाहत आहे' असं जे वाक्य येतं, त्यातला आकडा, म्हणजे नदीचा विसर्ग (दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते), कुठल्याच पट्टीवर लिहिलेला नसतो. तो पातळी आणि विसर्गाचं नातं दाखवणाऱ्या आलेखावरून काढलेला असतो. हा आलेख कोणीतरी वर्षानुवर्षं नदीत जाऊन, वेग आणि खोली मोजून, एकेक बिंदू जमवत तयार केलेला असतो. त्याचा खालचा भाग बिंदूंनी गच्च भरलेला असतो. वरचा, महापुराचा भाग मात्र जवळजवळ रिकामा असतो आणि नेमकी तिथेच आपल्याला आकड्याची सगळ्यात जास्त गरज पडते.

तो वरचा बिंदू ध्वनिलहरींनी प्रवाहाचा वेग मोजणारं यंत्र (एडीसीपी) आणि उपग्रह (जीपीएस) यांच्या मदतीने कसा मिळवायचा, हे इथे क्रमाने सांगतो. जलसंपदा विभागातले कनिष्ठ अभियंते, जलविज्ञानाचे विद्यार्थी आणि नदीवर काम करणारे गट डोळ्यांसमोर आहेत. यंत्राचं मॅन्युअल तुमच्याकडे असेलच, त्यामुळे कुठलं बटण दाबायचं हे सांगत बसत नाही. मॅन्युअलमध्ये जे चार ओळींत उरकलेलं असतं, पण प्रत्यक्षात ज्यावर मोजणी तरते किंवा बुडते, त्यावर जास्त थांबेन.

यंत्र काय मोजतं आणि काय मोजत नाही

कपांचा करंट मीटर आपल्याकडे अजून भरपूर वापरात आहे. नदीची रुंदी उभ्या पट्ट्यांत विभागायची, प्रत्येक उभ्या रेषेवर पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पट अंतरावर मीटर धरायचा, फेरे मोजायचे. गुडघाभर स्वच्छ पाण्यात मी आजही तोच वापरायला सांगेन. पण रुंद, खोल आणि वेगाने चढणाऱ्या नदीत सगळ्या रेषा उरकेपर्यंत पाणी हातभर वर गेलेलं असतं. मग मोजलेला विसर्ग नेमका कोणत्या पातळीचा म्हणायचा, हा प्रश्न उरतो.

एडीसीपी हेच काम काही मिनिटांत करतो. पाण्यात जेमतेम बुडालेल्या या यंत्रातून तिरप्या दिशांना ध्वनीचे झोत खाली जातात. मॉडेलप्रमाणे उभ्या रेषेशी त्यांचा कोन २०, २५ किंवा ३० अंशांचा असतो. पाण्यातले गाळाचे कण तो ध्वनी परत फेकतात. कण यंत्राकडे येत असेल तर परतलेल्या ध्वनीची वारंवारता वाढलेली असते, लांब जात असेल तर घटलेली असते. या डॉप्लर फरकावरून वेग कळतो आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून तो वेग कोणत्या खोलीवरचा आहे ते कळतं. अशा रीतीने पृष्ठापासून तळापर्यंत पाण्याचे थर पडतात. त्यांना सेल म्हणतात आणि प्रत्येक सेलचा वेग वेगळा मिळतो. कण पाण्याच्याच वेगाने वाहतात हे यात गृहीत धरलेलं आहे. आपल्या गढूळ नद्यांत कणांची वानवा कधीच नसते.

आता खरी मेख. मिळालेला वेग हा यंत्राच्या सापेक्ष असतो आणि यंत्र तर बोटीवर, म्हणजे स्वतः चालतं. पाण्याचा खरा वेग हवा असेल तर बोटीचा वेग माहीत असायला हवा. तो मिळवायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे बॉटम ट्रॅक: नदीच्या तळावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून बोट तळाच्या मानाने किती वेगाने चालली आहे ते यंत्रच काढतं. दुसरा मार्ग उपग्रहांचा, म्हणजे जीपीएसचा.

बोट या काठावरून त्या काठाला गेली की यंत्र क्षणाक्षणाला पाण्याचा वेग, बोटीचा वेग आणि खोली यांचा सदिश गुणाकार करत विसर्गाची बेरीज करतं. त्यामुळे बोट सरळ रेषेत गेली नाही, प्रवाहाने थोडी खाली ओढली, वेडीवाकडी चालली, तरी विसर्ग बदलत नाही. नवख्या मंडळींना हे सहसा पटत नाही. ती बोट दोरीच्या रेषेत ठेवण्यासाठी जिवाचा आटापिटा करतात आणि त्या नादात बोट हिसके खाते. सरळ रेषेपेक्षा संथ, न धडपडणारी चाल कितीतरी मोलाची.

तळच सरकत असेल तर

बॉटम ट्रॅक सोयीचा आहे. तो वेगळी अँटेना मागत नाही, पुलाच्या सावलीतही चालतो. पण तळ स्थिर आहे, या गृहीतकावर तो उभा आहे. फलाटावर शेजारची गाडी हलली की आपलीच गाडी सुटल्यासारखं वाटतं, तशी पुरात एडीसीपीची फसगत होते. तळाची वाळू प्रवाहाबरोबर खाली सरकत असते. यंत्र तिलाच स्थिर समजतं आणि आपली बोट वरच्या बाजूला चालली आहे असा निष्कर्ष काढतं. जागेवर नांगरलेली बोटसुद्धा स्क्रीनवर प्रवाहाविरुद्ध निघालेली दिसते. परिणाम एकाच दिशेचा होतो: पाण्याचा वेग कमी दिसतो आणि विसर्ग कमी भरतो. फेऱ्या कितीही वाढवल्या तरी ही चूक सरासरीत विरत नाही.

वैनगंगा, प्राणहिता, खालची गोदावरी या वाळूच्या नद्यांत पुराच्या दिवशी तळ सरकतोय असं धरूनच चालावं. सह्याद्रीतल्या खडकाळ पात्रात तो त्रास कमी असतो. पण पात्र खडकाचं आहे असं वरून वाटलं म्हणून चाचणी टाळू नये. खडकावर गाळाचा थर असतो आणि पुरात तो हलतो.

तळ सरकत असेल तिथे जीपीएस लागतो. मात्र जीपीएस लावल्याने एक नवीन जबाबदारी अंगावर येते आणि माझ्या मते या साऱ्या पद्धतीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट तीच आहे.

बॉटम ट्रॅकमध्ये पाण्याचा वेग आणि बोटीचा वेग दोन्ही एकाच यंत्राच्या चौकटीत मोजलेले असतात. यंत्रातलं होकायंत्र पाच अंशांनी चुकलं तरी दोन्ही सदिश एकत्रच फिरतात, त्यांच्यातला कोन तसाच राहतो आणि विसर्ग बरोबर येतो. जीपीएसने दिलेला बोटीचा वेग मात्र खऱ्या उत्तर-दक्षिणेच्या चौकटीत असतो. यंत्राने मोजलेला पाण्याचा वेग त्या चौकटीत नेऊन बसवायचं काम होकायंत्र करतं. ते चुकलं की चूक थेट विसर्गात उतरते.

किती? होकायंत्राची चूक २ अंश, बोटीचा वेग सेकंदाला १.५ मीटर आणि पाण्याचा वेगही तेवढाच, असं समजा. २ अंशांची ज्या म्हणजे साइन ०.०३५ येते. बोटीच्या वेगाला तिने गुणलं की पाण्याच्या वेगातली चूक सेकंदाला साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन टक्के. तीच बोट सेकंदाला अर्ध्या मीटरने चालवली तर चूक सव्वा टक्क्याच्या आत येते. बोट हळू चालवा असं जे सगळे सांगतात, त्यामागे हे गणितही आहे. बोटीचा वेग पाण्याच्या वेगापेक्षा जास्त नसावा हा नेहमीचा नियम, पण जीपीएसवर काम करताना तो त्याहून बराच कमी ठेवा.

जागा

सरळ पट्टा, दोन्ही काठ स्पष्ट, पात्र एकसारखं, भोवरे नाहीत, हे झालं पुस्तकातलं. आपल्याकडे त्यात दोन गोष्टी जास्त बघाव्या लागतात. एक म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बंधाऱ्याच्या लगेच खाली पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात आणि बुडबुडे ध्वनी खाऊन टाकतात, त्यामुळे तिथे मोजू नका. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला फुगवटा, म्हणजे अडून वर चढलेलं पाणी असतं. बरगे (बंधाऱ्याच्या दारांत बसवायच्या फळ्या) घातलेले असताना आणि काढलेले असताना एकाच पातळीला वेगवेगळा विसर्ग मिळतो, म्हणून बरगे कोणत्या स्थितीत आहेत याची नोंद मोजणीच्या कागदावर हवीच. दुसरी गोष्ट संगमाची. मोठ्या नदीला पूर असला की उपनदीचं पाणी तुंबतं. पातळी वर, प्रवाह जवळजवळ थांबलेला. तिथला बिंदू आलेखावर भलतीकडेच पडतो.

पुलावरून काम करणं सोपं आणि सुरक्षित. तीन तराफ्यांची छोटी बोट दोरीने खाली सोडायची आणि पुलावरून चालत चालत तिला या काठापासून त्या काठापर्यंत न्यायची. ती पुलाच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह पुलाखालून बाहेर पडतो त्या बाजूला सोडा. वरच्या अंगाला सोडली आणि दोरी ढिली पडली तर बोट खांबाला जाऊन अडकते. खालच्या अंगाला खांबांमागे भोवरे असतात हे खरं, म्हणून दोरी लांब सोडून बोट पुलापासून दूर ठेवा. त्याने दुसरा फायदाही होतो: पुलाचं लोखंड होकायंत्राला त्रास देत नाही आणि अँटेनाला आकाश मोकळं मिळतं. वाहतुकीच्या पुलावर एक माणूस फक्त वाहनांकडे बघायला ठेवा.

पुरात जलपर्णीचे गठ्ठे, ओंडके, उसाचा पाला वाहत येतो. बोटीच्या वर दोनशे मीटरवर नजर ठेवणारा एक माणूस हवा आणि दोरी झटकन सुटेल किंवा तुटेल अशी कमकुवत कडी बोटीजवळ हवी. माणसं बसलेली बोट नेणार असाल तर लाइफ जॅकेटशिवाय कोणी पाय ठेवायचा नाही. अधिकारी असला तरी.

पाण्यात उतरण्याआधी

या क्रमाने करा. क्रम बदलला की काहीतरी राहतंच.

१. लॅपटॉपचं किंवा टॅबचं घड्याळ जीपीएसच्या वेळेशी जुळवा. पातळी नोंदवणाऱ्याचं घड्याळही त्याच वेळी जुळवून घ्या. चढत्या पुरात दहा मिनिटांचा फरक म्हणजे चुकीच्या पातळीला जोडलेला विसर्ग.

२. यंत्राची स्वयंचाचणी चालवा आणि तिचा निकाल फाइलमध्ये जतन करा. नंतर शंका आली तर हाच पुरावा.

३. यंत्र पाण्यात किती बुडालंय ते बोट पाण्यात तरंगत असताना मोजा. काठावर मोजून अंदाज लावू नका, कारण बॅटरी आणि अँटेना चढवल्यावर बोट आणखी खाली बसते. एक मीटर खोल पाण्यात एक सेंटिमीटरची चूक म्हणजे खोलीत एक टक्का.

४. पाण्याचं तापमान वेगळ्या थर्मामीटरने तपासा. ध्वनीचा पाण्यातला वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे १४८२ मीटर असतो, ३० अंशांना सुमारे १५०९. यंत्र आपल्या सेन्सरवरून हा वेग ठरवतं. सेन्सर बिघडला असेल तर खोली आणि वेग दोन्ही चुकतात आणि दोन्ही एकाच दिशेने चुकतात. दोन अंशांहून जास्त फरक दिसला तर पुढे जाऊ नका. उन्हात ठेवलेलं यंत्र थेट पाण्यात टाकलं असेल तर आधी काही मिनिटं थांबून मग वाचा.

५. कोकणातल्या खाडीत किंवा गोव्यात मांडवी-झुआरीच्या मुखाकडे काम असेल तर क्षारता भरा. समुद्राच्या पाण्यात ध्वनी गोड्या पाण्यापेक्षा जवळजवळ तीन टक्के जलद जातो.

६. मग होकायंत्र. याला स्वतंत्र जागा देतो.

होकायंत्राचं कॅलिब्रेशन

यंत्र ज्या बोटीवर, ज्या मोटरसह, ज्या अँटेनासह वापरणार आहात, तसंच जोडून कॅलिब्रेट करा. कचेरीच्या अंगणात केलेलं कॅलिब्रेशन नदीवर उपयोगाचं नाही. बोट सावकाश पूर्ण गोल फिरवायची आणि फिरवताना तिला थोडं पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवत राहायचं, म्हणजे लाटांवर हलताना जे कोन येतात ते सगळे यंत्राला आधीच कळतात. एका फेरीला एक-दोन मिनिटं लागली पाहिजेत. घाईघाईने गरकन फिरवून उपयोग नाही. जीप, लोखंडी कठडा, खिशातला मोबाइल, कमरेची चावी, सगळं लांब. शेवटी यंत्र शिल्लक चूक दाखवतं. ती एक अंशाच्या आत येईपर्यंत पुन्हा करा. चार वेळा करूनही येत नसेल तर जागा बदला, जमिनीखाली सळया किंवा पाइप असू शकतो.

त्यानंतर चुंबकीय दिक्पात भरायचा. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, जीपीएस खरी उत्तर. महाराष्ट्रात हा फरक सध्या एक अंशाच्या आतच आहे, त्यामुळे तो शून्य ठेवण्याचा मोह होतो. पण सॉफ्टवेअरमध्ये आधीच्या कामाचा किंवा कंपनीच्या देशातला एखादा आकडा राहिलेला असू शकतो आणि तो दहा-बारा अंशांचाही असतो. म्हणून जागेचे अक्षांश-रेखांश टाकून त्या तारखेचा आकडा काढा आणि भरा.

लोखंडी मोटरबोटीवर काम करावंच लागलं तर चुंबकीय होकायंत्राचा नाद सोडा. दोन अँटेनांचा जीएनएसएस होकायंत्र मिळतो. तो उपग्रहांवरूनच दिशा काढतो आणि त्याला लोखंडाचं सोयरसुतक नसतं.

जीपीएस: जीजीए की व्हीटीजी

अँटेना शक्यतो यंत्राच्या बरोबर डोक्यावर बसवा. एक मीटर बाजूला बसवली तर बोट नुसती जागेवर वळली तरी अँटेनाला वेग मिळतो आणि तो पाण्याच्या माथी मारला जातो.

रिसीव्हर दोन प्रकारचे संदेश पाठवतो. जीजीए संदेशात स्थान असतं. लागोपाठच्या दोन स्थानांमधल्या अंतरावरून सॉफ्टवेअर वेग काढतं. व्हीटीजी संदेशात थेट वेग आणि दिशा असते आणि रिसीव्हर ती उपग्रहांच्या संकेतातल्या डॉप्लर फरकावरून काढतो. जीजीए वापरायचा तर दुरुस्तीसह (स्थानातली चूक काढणाऱ्या बाहेरच्या संकेतासह) चांगलं स्थान हवं, कारण स्थान एकदम अर्धा मीटर उडालं तर बोट तेवढ्या वेगाने धावली असं यंत्राला वाटतं. व्हीटीजीला दुरुस्तीची गरज नाही, पण बोट फार संथ असेल, सेकंदाला २४ सेंटिमीटरपेक्षा हळू, तर त्याच्यावर विसंबता येत नाही. बोट हळू चालवा असं आत्ताच सांगितलं आणि व्हीटीजी म्हणतो फार हळू नको. ही कोंडी खरी आहे. म्हणून जमेल तिथे आरटीकेसह (जमिनीवरच्या स्थिर रिसीव्हरवरून, म्हणजे बेसवरून, मिळणाऱ्या अचूक दुरुस्तीसह) जीजीए, नाही जमलं तर व्हीटीजी आणि बोटीचा वेग ३० ते ५० सेंटिमीटरच्या पट्ट्यात.

जीजीए संदेशातला दर्जाचा अंक सतत बघत राहा. १ म्हणजे कुठलीही दुरुस्ती नाही, हा वापरू नका. २ म्हणजे डिफरन्शिअल दुरुस्ती, यात इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची गगन सेवाही येते, चालेल. ५ म्हणजे आरटीके पण अजून पक्कं न झालेलं, ४ म्हणजे पक्कं, सेंटिमीटरच्या घरातलं. फेरीच्या मध्येच ४ वरून १ वर घसरण झाली तर ती फेरी बाजूला ठेवा. काठावरच्या वडा-पिंपळाखाली हे हमखास होतं. एचडीओपी (उपग्रहांच्या मांडणीमुळे स्थान किती चुकू शकतं याचा अंक) २ च्या आसपास किंवा कमी असावा, पण फेरीत तो अचानक बदलतोय का हे त्याहून महत्त्वाचं.

आरटीके दुरुस्ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स (कायम चालू असलेल्या बेस स्थानकांच्या) जाळ्यावरून मोबाइल इंटरनेटने मिळते. अडचण एवढीच की महापुरात टॉवर बंद पडतात. म्हणून स्वतःचा बेस आणि रेडिओ जवळ ठेवावा. बेस कुठल्याही उंच, मोकळ्या जागी ठेवा. विसर्गासाठी फक्त बोटीची सापेक्ष हालचाल हवी असते, त्यामुळे बेसचे निर्देशांक दोन-चार मीटरने चुकले तरी विसर्गाला धक्का लागत नाही. तोच काटछेद (पात्राचा आडवा छेद) पुढच्या वर्षी पुन्हा मोजून पात्र किती खरवडलं हे बघायचं असेल, तर मात्र बेस ज्ञात बिंदूवरच हवा. विदर्भात काम करणाऱ्यांनी यूटीएम (मीटरमधल्या निर्देशांकांची नकाशा-पद्धत) झोन नीट निवडावा. ७८ अंश पूर्व रेखांशावर सीमा आहे: अमरावती झोन ४३ मध्ये, यवतमाळ ४४ मध्ये.

जीपीएसच्या उंचीला पाणीपातळी समजू नका. ती काल्पनिक लंबगोलापासूनची असते आणि आपल्या भागात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठ-सत्तर मीटरने कमी दिसते. गेजचा, म्हणजे पातळीच्या पट्टीचा, शून्य बेंचमार्कवरून लेव्हलिंग करूनच जोडावा.

तळ सरकतोय का: लूप टेस्ट

प्रत्येक मोजणीआधी ही चाचणी करायचीच, जीपीएस असला तरी. बॉटम ट्रॅक चालू ठेवून एका काठाच्या खुणेपासून निघा, पलीकडे जा, न थांबता परत त्याच खुणेवर या. किमान तीन मिनिटं तरी लागावीत आणि चाल एकसारखी असावी. तळ स्थिर असेल तर स्क्रीनवरचा मार्ग सुरुवातीच्या बिंदूवर मिटतो. सरकत असेल तर शेवटचा बिंदू वरच्या बाजूला पडतो.

समजा लूपला ३०० सेकंद लागले आणि मार्ग १८ मीटर वर सुटला. तळाचा भासमान वेग सेकंदाला ६ सेंटिमीटर. पाण्याचा सरासरी वेग १.५ मीटर असेल तर हे ४ टक्के झाले. एक टक्क्याच्या वर गेलं आणि तळाचा वेग सेकंदाला १.२ सेंटिमीटरपेक्षाही जास्त निघाला, तर तळ सरकतोय असं मानायचं. काटछेदाचं क्षेत्रफळ १००० चौरस मीटर असेल तर बॉटम ट्रॅकच्या आकड्यात सुमारे ६० घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे २,१०० हून अधिक क्युसेक पाणी कमी मोजलं गेलं. जीपीएस अजिबात मिळत नसेल तर भासमान वेग गुणिले क्षेत्रफळ ही दुरुस्ती मोजलेल्या विसर्गात मिळवता येते. लूप टेस्टही होकायंत्रावरच उभी आहे, त्यामुळे त्याचं कॅलिब्रेशन टाळून काहीच साधत नाही. संथ पाण्यात, सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या खाली, ही चाचणी भरवशाची नाही. तिथे बोट एका जागी पाच-दहा मिनिटं नांगरून ती किती 'वर सरकते' ते बघा.

प्रत्यक्ष फेऱ्या

डावा काठ आणि उजवा काठ हे प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरतात. पुलावर उलट तोंड करून उभा असलेला माणूस हमखास गोंधळतो, म्हणून कागदावर आधीच लिहून ठेवा.

काठाजवळ जिथे किमान दोन चांगले सेल मिळतात तिथे बोट स्थिर धरा, निदान दहा नोंदी होऊ द्या, मग निघा. बोटीपासून पाण्याच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने किंवा लेझरने मोजा, डोळ्यांनी नाही. कडेचा विसर्ग यंत्र मोजत नाही, शेवटच्या वेगावरून आणि काठाच्या आकारावरून अंदाज करतं. उतरता, त्रिकोणी काठ असेल तर गुणक ०.३५, घाटासारखी उभी भिंत असेल तर ०.९१. नाशिक-वाईसारख्या घाट बांधलेल्या नदीत त्रिकोणी निवडला की कडेचं निम्म्याहून जास्त पाणी गायब.

वरचा थरही मोजला जात नाही, कारण यंत्र थोडं बुडालेलं असतं आणि ध्वनी सोडल्यावर लगेच ऐकता येत नाही. खालचा थरही सुटतो: झोत २० अंशांचा असेल तर खोलीच्या ६ टक्के, २५ अंशांचा असेल तर साधारण ९ टक्के. हे दोन्ही भाग वेगाच्या वक्रावरून भरले जातात. नेहमीचा घातांक एक षष्ठांश असतो. समोरून जोराचा वारा असेल तर पृष्ठभागाचं पाणी मागे रेटलं जातं आणि हा वक्र लागू पडत नाही. म्हणून वाऱ्याची नोंद करायची.

फेऱ्या नेहमी जोडीने घ्या, जाताना एक आणि येताना एक. सगळ्या फेऱ्यांचा मिळून वेळ किमान ७२० सेकंद भरावा, असा अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दंडक आहे आणि तो आपल्याकडेही योग्य वाटतो. पाणी झपाट्याने चढत असेल तर याला धरून बसू नका, एका जोडीवर थांबा आणि त्या वेळेची पातळी लिहा. भरती-ओहोटीच्या खाडीत तर प्रत्येक फेरी स्वतंत्र मोजणी समजावी, कारण पंधरा मिनिटांत प्रवाहाचा वेगच काय, दिशाही बदललेली असू शकते.

नदीकाठ सोडण्याआधी

काम उरकल्याच्या आनंदात यंत्र पेटीत घालू नका. पंधरा मिनिटं काठावरच बसून आकडे बघा.

डावीकडून उजवीकडच्या फेऱ्या सगळ्या जास्त आणि उलट दिशेच्या सगळ्या कमी, असं दिसतंय का? जीपीएस निवडून हे दिसत असेल तर होकायंत्र किंवा दिक्पात चुकलाय. होकायंत्राच्या चुकीचं चिन्ह बोटीच्या दिशेबरोबर उलटतं, म्हणून ती अशी जोडीजोडीने उघडी पडते. त्याच फेऱ्या बॉटम ट्रॅकवर एकमेकींशी जुळत असतील तर शंका पक्की. जोडीची सरासरी घेतली की बरीचशी चूक कटते, पण कॅलिब्रेशन पुन्हा करून आणखी एक जोडी घेणं शहाणपणाचं.

बॉटम ट्रॅकचा विसर्ग जीपीएसच्या विसर्गापेक्षा सातत्याने कमी आणि लूप टेस्टमध्ये तळ सरकताना दिसलेला, हे चित्र सुसंगत आहे. जीपीएसचा आकडा घ्या. लूप स्वच्छ मिटला आणि तरीही दोघांत चार-पाच टक्के फरक, तर संशयाची सुई जीपीएसच्या बाजूला वळवा आणि बॉटम ट्रॅक ठेवा. तळ स्थिर असताना मी नेहमी बॉटम ट्रॅकच निवडतो. महागडी अँटेना आणली आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही.

खोलीच्या आलेखात भोकं पडली असतील तर गाळ इतका दाट आहे की ध्वनी तळापर्यंत जाऊन परतत नाही. इथे जीपीएस अर्धीच मदत करतो: बोटीचा वेग मिळतो, खोली मिळत नाही. कमी वारंवारतेचं यंत्र लागतं, ३ मेगाहर्ट्झऐवजी १, किंवा ६०० किलोहर्ट्झचं, नाहीतर उभ्या झोताचा इकोसाउंडर. तेही नसेल आणि बोट सोडणंच धोक्याचं असेल तर पुलावरून रडारने पृष्ठवेग घ्या आणि पूर ओसरल्यावर काटछेद मोजा.

कचेरीत आल्यावर यंत्राच्या मूळ फाइली जशाच्या तशा वेगळ्या जतन करा, मग प्रक्रिया सुरू करा. क्यूरेव्ह हे अमेरिकी सर्वेक्षणाने तयार केलेलं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली वाचतं. ते तळाची चाचणी, होकायंत्र, तापमान, वरच्या-खालच्या थराचा वक्र हे सगळं एकाच निकषाने तपासतं. दोन कचेऱ्यांनी एकच मोजणी तपासली तर उत्तर तेच यावं, एवढा तरी त्याचा फायदा आहे.

उत्तर घनमीटर प्रतिसेकंदात येईल. ३५.३१ ने गुणा, क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद) मिळतील. धरणवाल्यांशी बोलताना आणखी एक आकडा हाताशी असू द्या: ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी (अब्ज घनफूट) होतो.

शेवटी बिंदू जुन्या आलेखावर टाका. पातळी सुरुवातीची आणि शेवटची, दोन्हींची सरासरी. बिंदू वक्रापासून पाच टक्क्यांहून लांब पडला तर लगेच वक्र वाकवायला जाऊ नका. आधी पाणी चढतं होतं की उतरतं ते बघा, कारण चढत्या पुरात पाण्याचा उतार जास्त असतो आणि त्याच पातळीला विसर्ग उतरत्या पुरापेक्षा जास्त मिळतो. मग खालच्या बंधाऱ्याचे बरगे, संगमाचा फुगवटा, पात्रातला वाळूउपसा तपासा. यातलं काहीच नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, शक्यतो दुसऱ्या यंत्राने. दोन्ही बिंदू एकाच बाजूला पडले तर वक्राला हात लावायला हरकत नाही.